न सांगता येणारे गुपित

पेढीच्या ई-मेलचा पासवर्ड बहुधा तिघांना ठाऊक असतो: शेठजींना, चिरंजीवांना आणि दिवाणजींना. शिवाय तो गल्ल्याच्या खणात एका चिठ्ठीवरही असतो. विश्वासावर चालणाऱ्या व्यवहारात यात कोणाला वावगे वाटत नाही. मात्र एखाद्या सायंकाळी, घाईच्या वेळी, करखात्याची नोटीस भासावी असा मेल येतो. त्यातील लिंकवर बोट पडते, ओळखीचे वाटणारे पान उघडते आणि दिवाणजी पासवर्ड लिहून मोकळे होतात. पाठोपाठ आलेला ओटीपीही तेथेच दिला जातो. पत्त्यातील एका अक्षराचा फरक कोणाच्या नजरेस पडत नाही. पुढे त्याच ई-मेलवरून ग्राहकांना 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे कळवले गेले, की पेढीचे येणे परक्याच्या खात्यात जमा होते. यात दिवाणजींना दोष देणे अन्यायाचे ठरेल. जे गुपित सांगता येते, ते फसवून काढूनही घेता येते.

पासकीची रचना नेमकी येथे वेगळी आहे. ती तयार करताना फोन दोन किल्ल्यांची जोडी घडवतो. गुप्त किल्ली मालकाकडे राहते. दुसरी, सार्वजनिक, ज्या कंपनीत खाते आहे तिच्याकडे जाते. बँकेत नमुना सही ठेवलेली असते, तशीच ही दुसरी किल्ली. फरक एवढाच की हा नमुना चोरीस गेला तरी त्यावरून सही गिरवता येत नाही. खाते उघडताना दरवेळी नवे आव्हान येते आणि बोटाचा ठसा किंवा फोनचा पिन दिल्यावर फोन त्यावर सही करतो. ठसा फोनबाहेर जात नाही. शिवाय पासकी मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. बनावट पानासमोर ती पुढे येतच नाही. माणसाची नजर चुकली तरी फोनची चुकत नाही.

ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये या पद्धतीस एकत्र पाठिंबा जाहीर केला. मे २०२३ पासून गूगलच्या वैयक्तिक खात्यांनाही ती मिळाली. खात्याच्या सुरक्षा विभागात 'पासकी' हा पर्याय सापडतो.

मात्र आता फोनचे कुलूप हेच तिजोरीचे कुलूप झाले, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दुकानातील मुलाचा ठसा 'सोयीसाठी' त्याच फोनमध्ये नोंदवलेला असेल, तर पासकीचे दार त्यालाही उघडे आहे. जुना पासवर्डही बहुधा आपोआप रद्द होत नाही. तो बदलून लांब व कठीण करावा लागतो, नाहीतर मागचे दार तसेच राहते. फोन हरवला, किंवा तो वापरणारे वडीलधारे अचानक अंथरुणाला खिळले, तर अडचण होऊ नये म्हणून चिरंजीवांच्या फोनवर वेगळी पासकी आधीच करून ठेवावी. दिवाणजींनी पेढी सोडली, तर त्यांच्या फोनवरील पासकी खात्याच्या यादीतून काढता येते, आणि उरलेल्या दोघांना काहीच बदलावे लागत नाही.