जाहीर आवाहन: दिघ्याची छाती दिघ्यातच तपासा!

इलठणपाडा, रामनगर, विष्णूनगर, यादवनगर, गणेशनगर आणि दिघा गावातल्या सर्व बंधू-भगिनींनो,

मागच्या आठवड्यापासून आमचं डोकं ठिकाणावर नाही. आपल्या गल्लीत लसीकरणाला येणाऱ्या सिस्टर एका शेजाऱ्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. माणूस बारा वर्षं क्रशरवर राबलेला. चार महिन्यांचा खोकला, पँट कमरेवर राहत नाही, पाण्याचा हंडा उचलला की भिंतीला टेकून उभा राहतो. तीन खिडक्या झाल्या, तीन दिवसांची हजेरी बुडाली. चौथ्या दिवशी सिस्टरनी दोनच गोष्टी मागितल्या: एक्स-रे आज काढा, आणि केसपेपरवर ‘खडी-क्रशरचं काम’ एवढं लिहा. पलीकडून उत्तर आलं, “सिस्टर आहात ना, मग सिस्टरसारख्या राहा.”

दवाखान्याचं नाव इथे छापत नाही. एका माणसाची तक्रार करून विषय मिटवायचा आमचा विचार नाही, तसे साहेब जागोजागी बसलेत. पण हे वाक्य प्रत्येक दिघेकराच्या कानावर जाऊ दे, म्हणून हे पत्रक.

त्या माणसाचा खोकला आधी ऐकला कुणी? त्याआधी तो तीन खाजगी डॉक्टरांकडे जाऊन आला होता. दोघांनी खोकल्याची बाटली दिली, एकाने सुई टोचली. छातीला नळी कुणीच लावली नाही. सिस्टर त्याच्या नातवाला डोस द्यायला आल्या होत्या. पडद्यामागून खोकला ऐकू आला, तशा त्या आत गेल्या, “किती दिवस झाले?” म्हणून विचारलं आणि थुंकीची डबी हातात दिली. फुफ्फुसाचा आजार गरिबाच्या घरात असाच सापडतो, पडद्यामागे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची पाहणी झाली. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच तपासायला गेले नव्हते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के निसटले असते. म्हणजे सिस्टर एक्स-रे मागत होत्या तो हट्ट नव्हता. त्या खोलीत सर्वांत शहाणं माणूस कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

आता धुळीबद्दल बोलू. पारसिकचा डोंगर फोडून निघालेल्या खडीवर ही नवी मुंबई उभी आहे. दगड फोडायला सोलापूरहून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून वडार, बंजारा कुटुंबं आली. त्यांची पोरं आज दिघ्याची आहेत. दगडाच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती श्वासातून आत जाते, फुफ्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. वर्षानुवर्षं जखम होते, वण धरतो, फुफ्फुस कडक होतं. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. क्रशर सोडून दहा वर्षं झाली तरी तो वाढू शकतो. शिवाय अशा फुफ्फुसात टीबी सहज घर करतो. एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसू शकतात, म्हणून कित्येकांना टीबीच्या गोळ्यांवर गोळ्या चालतात आणि दम काही कमी होत नाही. केसपेपरवर ‘खडी-क्रशरचं काम’ हे शब्द का हवेत, ते आता कळलं? १९४८च्या कारखाना कायद्यापासूनच रोगांच्या यादीत सिलिकोसिसचं नाव आहे. रुग्ण आढळला तर डॉक्टरने कळवायचं असतं. कामाची नोंदच नसेल तर कळवणार काय आणि भरपाई मागणार कशाच्या जोरावर? राजस्थानने २०१९मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. प्रमाणपत्र मिळालं की रुग्णाला ३ लाख, मृत्यूनंतर वारसांना २ लाख. तिथला दगडफोड्या माणूस आणि इथला काय वेगळ्या मातीचा आहे?

बायकांचं तर कुणी धरतच नाही. चुलीचा धूर, बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइल. एक कॉइल जळून संपते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, हे २००३ सालीच मोजून झालंय. बिडीला कधी हात न लावलेली आजी धापा टाकते आणि आपण म्हणतो वय झालं! जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने मरणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांहून जास्त. कारण पंप लावला की सवय लागते म्हणे. लागू दे की! श्वास घ्यायचीही सवयच आहे.

“नर्स म्हणजे काय डॉक्टर आहे का?” हे विचारणारे आपल्यातही आहेत, म्हणून ऐका. दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात ४० सरकारी दवाखान्यांवर एक प्रयोग झाला आणि २००५ साली त्याचे निकाल छापून आले. निम्म्या ठिकाणी नर्सना फुफ्फुसाच्या आजारांचं प्रशिक्षण त्यांच्या दवाखान्यातच जाऊन दिलं, बाकीच्या ठिकाणी नाही. जिथे दिलं तिथे तपासलेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांत टीबी सापडला, जिथे नाही तिथे ३.८ टक्के. दम्याचा योग्य पंपही जास्त लोकांना मिळाला. रुग्ण तसेच, दवाखाने तसेच, फरक नर्सचा. आपल्याकडे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा शब्द आला आहे, पण २०१६-१७च्या सुमाराला सुरू झालेला तो अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आहे. व्हेंटिलेटरजवळ उभी राहणारी नर्स शहाणी, आणि व्हेंटिलेटरची वेळच येऊ नये म्हणून गल्ली तुडवणारी नर्स ‘सिस्टरसारखी राहा’!

“टीबी निघाला तर मुलीचं लग्न मोडेल” असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायला आम्हाला वेळ नाही. न तपासल्याने घरातल्या चौघांना होईल, तेव्हा लग्नाला कोण उरणार? “खदान बंद पडेल” म्हणणाऱ्यांना एवढंच: पाणी मारून दगड फोडला की खदान बंद पडत नाही, धूळ बसते.

मोठ्या गोष्टी सरकारने कराव्यात हे खरंच. पण आपलं काय? २०१५-१६ला इमारती पाडण्याचे आदेश आले तेव्हा सगळा दिघा रस्त्यावर होता. दिघा गाव स्टेशन बांधून तयार, तरी महिनोन्महिने कुलपात. आपण बोंब मारत राहिलो, १२ जानेवारी २०२४ला ते उघडलं. भिंतींसाठी भांडलो, स्टेशनसाठी भांडलो. मग छातीसाठी का नाही? मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन हिचं टीबीच्या औषधाने ऐकणं गेलं. तिने दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले हिला सोबत घेतलं आणि बेडाक्विलिन या टीबीच्याच दुसऱ्या औषधाचं पेटंट आणखी लांबवू पाहणाऱ्या कंपनीविरुद्ध हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. आणि आपण एका एक्स-रेसाठी तोंड उघडत नाही. गणपतीच्या डीजेला वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी जरा मान खाली घालून हे वाचावं.

आमच्या बचत गटाच्या बायकांबद्दल मात्र मान वर करूनच सांगू. भर पावसात प्लास्टिकच्या पिशवीत थुंकीच्या डब्या घालून त्यांनी पोचवल्या आहेत. एकीने तर गोळ्या चुकवणाऱ्या दिराला सहा महिने रोज सकाळी समोर बसवून गोळी गिळायला लावली. कुणी मानधन दिलं नाही, कुणी मागितलंही नाही.

आमची मागणी साधी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, कामगार सुटल्यावर, सकाळी दहा ते बारा नव्हे, वस्तीतच फुफ्फुस तपासणी. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर, हातात धरायचं एक्स-रे यंत्र, फुंकून श्वास मोजायचं यंत्र, थुंकीची तपासणी. सिस्टरने लिहून दिलेल्या चिठ्ठीवर मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी नंबर. प्रत्येक केसपेपरवर कामाचा रकाना. शहरी आरोग्य अभियानाच्या निकषात ५० हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र आणि १० हजारांमागे एक एएनएम, म्हणजे सिस्टर, आहे. दिघ्याची माणसं मोजा आणि सिस्टर मोजा, असंही आम्ही लेखी सांगणार आहोत.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. दोन आठवड्यांवर खोकला गेला, रात्री ताप येतो, वजन उतरतं, थुंकीत रक्त दिसलं तर थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. टीबी निघाला तर औषध फुकट आणि उपचार संपेपर्यंत दरमहा १००० रुपये बँक खात्यात. नोव्हेंबर २०२४पूर्वी ते ५०० होते. पैसे येत नसतील तर गप्प बसू नका, १८००-११-६६६६ वर फोन लावा. हा पैसा अंडी, डाळ, शेंगदाण्यांचा आहे, मोबाइलच्या रिचार्जचा नाही. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जादा रेशन दिलं तेव्हा त्यांच्यात नव्याने होणारा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, इतकं अन्न मोठं औषध आहे. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या, त्यांच्यासाठी प्रतिबंधक गोळ्या असतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, सोडणाऱ्याला आम्ही घरी येऊन ओरडणार. कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. क्रशरवाल्यांनो, तोंडाला बांधलेल्या रुमालातून बारीक धूळ आत जातेच. मुकादमाकडे पाण्याचा फवारा मागा, एकट्याने नको, दहाजण मिळून मागा.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता दिघा गाव स्टेशनबाहेर जमायचं आहे. निवेदनावर सह्या घेऊ आणि तिथूनच ते द्यायला जाऊ. सिस्टरही येणार आहेत, सिस्टरसारख्याच. येताना घरातले जुने एक्स-रे, केसपेपर, आणि खदानीवर काम केल्याचा जो काही कागद असेल तो घेऊन या. हजेरीपत्रक, मुकादमाची चिठ्ठी, जुनं ओळखपत्र, काहीही चालेल. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सोबत काम केलेला एक साक्षीदार आणावा.