मनगटावरचे निळे डाग

मागील महिन्यात एक आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीच्या दोन्ही मनगटांवर आणि अंगठ्यांच्या मुळाशी निळे-जांभळे डाग होते. "डॉक्टरसाहेब, हिला रक्ताचा तर काही आजार नाही ना?" आईने भीत भीत विचारले. मुलगी मान खाली घालून म्हणाली, "व्हॉलीबॉलचे आहेत साहेब. आमच्या टीममधल्या सगळ्या मुलींना आहेत." त्यावर आईने तिथल्या तिथे निकाल दिला, "मग उद्यापासून खेळ बंद!"

आईची शंका अगदीच चुकीची नव्हती. मार लागलेला नसताना अंगावर कोठेही डाग उठणे, हिरड्यांतून रक्त येणे, सोबत ताप किंवा अशक्तपणा असणे, अशा वेळी रक्ताची तपासणी केलीच पाहिजे. या मुलीला त्यातले काही नव्हते. डाग फक्त चेंडू लागतो तेथेच होते. मी तिला व्हरांड्यात उभे करून चेंडू कसा घेतेस ते दाखवायला सांगितले. ती गुडघे ताठ ठेवून उभी राहिली, बोटे एकमेकांत घट्ट गुंफली आणि दोन्ही हात खालून जोराने थेट डोक्यापर्यंत फेकले. निदान झाले. दुखणे तिच्या रक्तात नव्हते, तिच्या पासमध्ये होते.

मुक्ताईनगर आणि आजूबाजूच्या खेड्यांत व्हॉलीबॉल आवडीने खेळला जातो. एक जाळे, एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा एवढ्यावर बारा जणांचा खेळ होतो. पण आपल्याकडे शिकवण्याची सुरुवात बहुधा स्मॅशपासून होते. टाळ्या त्यालाच पडतात. 1986 च्या सेऊल आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले, त्या संघातील जिमी जॉर्ज यांची उडी आणि त्यांचा स्मॅश जुन्या रसिकांना अजून आठवतो. परंतु समोरून आलेली सर्व्हिस कोणीतरी नीट उचलून बूस्टरच्या हाती दिली, तरच स्मॅश मारता येतो. या कामाचे महत्त्व एवढे की 1998 साली आंतरराष्ट्रीय नियमांत 'लिबेरो' नावाचा खास बचावाचा खेळाडू आला. त्याच्या सदऱ्याचा रंग वेगळा असतो. जाळ्यावरून स्मॅश मारण्याची त्याला मुभाच नाही. चेंडू उचलणे हेच त्याचे काम.

हा उचलण्याचा प्रकार म्हणजे अंडरहँड पास. तो चुकीचा केला तर गुण जातात, हे खेळाडूंना ठाऊक असते. शरीरही त्याची किंमत मोजते, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज या सदरात औषधांऐवजी पासविषयी लिहीत आहे.

पहिली गोष्ट पायांची. केळीचा घड उचलणारा जाणता मजूर कमरेतून वाकत नाही. तो गुडघ्यांत बसतो आणि मांड्यांच्या बळावर उठतो. पासचेही तंत्र हेच. पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक फाकवावेत, एक पाऊल किंचित पुढे, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. आधी चेंडूखाली पोहोचावे, मगच हात जोडावेत. हात जोडून धावणाऱ्याचा तोल जातो.

दुसरी गोष्ट हातांची. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवावीत आणि दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, समांतर जुळवावेत. बोटे एकमेकांत गुंफू नयेत. पडताना हात चटकन सुटत नाहीत आणि बोटांचे सांधे दुखावतात. कोपरे सरळ, अंगठ्यांची टोके जमिनीकडे. असे केले की हातांची आतली मऊ बाजू वर येते आणि तिचा सपाट पाट तयार होतो. चेंडू मनगटाच्या दोन-तीन इंच वर, या मांसल भागावर घ्यायचा. मनगटाचे हाड किंवा अंगठ्याचे मूळ ही चेंडू घेण्याची जागा नव्हे. आमच्या छोट्या रुग्णाचे सगळे डाग नेमके तेथेच होते.

तिसरी गोष्ट, हात फेकू नयेत. चेंडू हातांवर येताच गुडघे सरळ करावेत. उचलण्याचे बळ पायांतून येते. हात खांद्यांच्या वर जाऊ नयेत. दिशा ठरते ती हातांच्या पाटाच्या उतारावरून, जशी पन्हळीच्या उतारावरून पाण्याची धार ठरते. चेंडू वेगाने आला असेल तर त्याला जोर देण्याची गरजच नाही. पाट स्थिर ठेवून किंचित मागे घ्यावा. आपल्या खानदेशात शूटिंग व्हॉलीबॉलही खेळतात. त्यात हातांचा फटका हेच मुख्य अस्त्र असते. मला वाटते, हात फेकण्याची सवय मुलांना मोठ्यांचा तो खेळ पाहूनच लागत असावी. दोन्ही खेळ चांगले, पण त्यांची ढब वेगळी.

सरावासाठी एक सोपा उपाय सांगतो. मुलाला खुर्चीच्या कडेवर बसवावे. समोरून आठ-दहा फुटांवरून कोणीतरी चेंडू हळूच फेकावा आणि मुलाने उठता उठता पास द्यावा. उठल्याशिवाय चेंडू जात नाही, त्यामुळे पायांचा उपयोग आपोआप कळतो. वीस पास झाले की थोडी विश्रांती घ्यावी. हात लाल होऊन दुखू लागले की त्या दिवसापुरता सराव थांबवावा. थोडी लाली सुरुवातीला सर्वांनाच येते व काही वेळात जाते. दिवसेंदिवस टिकणारे निळे डाग म्हणजे मर्दुमकीचे पदक नव्हे.

चेंडूकडेही पाहावे. नियमाप्रमाणे त्याचे वजन 260 ते 280 ग्रॅम आणि हवेचा दाब सुमारे साडेचार पौंड असतो. आपल्याकडे सायकलच्या पंपाने तो दगडासारखा फुगवतात आणि तोच कोवळ्या हातांवर आदळतो. लहान मुलांना सुरुवातीला हलका, मऊ चेंडू द्यावा. खेळताना मनगटावरील कडे, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन सर्वांना माहीत आहे. त्या दिवसांत सराव सकाळी लवकर उरकावा आणि पाण्याची बाटली सोबत असावी.

आता दुखापतीविषयी. मुका मार लागल्यास पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. लगेच शेक देणे व जोरात चोळणे टाळावे. बोट चेंडूवर आदळून सुजले तर ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. तळहातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखत असेल तर विशेष सावध राहावे. तेथील लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. अशा वेळी हात आधारपट्टीत ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. वाढत्या मुलांच्या हाडांची टोके नाजूक असतात. मोच समजून कोणाकडून हात ओढून घेतल्यास कायमचे नुकसान होऊ शकते.

या सर्वाला फारसा पैसा लागत नाही. लागतो तो रोजचा अर्धा तास आणि शिकवणाऱ्याची नजर. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, पहिला महिना जाळे बांधूच नका. मुलांना फक्त उभे राहणे, चेंडूखाली जाणे आणि पास देणे शिकवा. मुले कंटाळतील, स्मॅश मागतील, मागू द्या.

पालकांनाही एक सांगायचे आहे. मुलाचे बोट सुजले तर घरात म्हणतात, "चालायचेच, खेळ आहे." मुलीच्या हातावर डाग दिसला की खेळच बंद होतो. आणि एकदा बंद झालेला मुलीचा खेळ आपल्याकडे सहसा पुन्हा सुरू होत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी धावणे, उड्या मारणे यांनी हाडे बळकट होतात. त्याचा लाभ तिला पुढे जन्मभर मिळतो. डाग घालवायचा तर पास सुधारावा, मुलीला घरी बसवू नये.

त्या आईला मी हेच सांगितले. तिने पंधरा दिवसांची मुदत दिली, "डाग गेले तर खेळ, नाहीतर बंद." पंधरवड्याने मायलेकी पुन्हा आल्या. मनगटे स्वच्छ होती. मुलगी म्हणाली, "साहेब, आता हात नाही, मांड्या दुखतात." मी म्हटले, "छान! म्हणजे आता पास बरोबर जमू लागला."