गाडी न्यायची, ठेवायची की सोडायची?

ऑफिसमधे कोणी "परमनंट जातोय रे" म्हणत पेढे वाटले की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी विचारतंच, "मग गाडीचं काय करणार?" फ्लॅट भाड्याने देता येतो, फ्रीज आणि सोफा विकले जातात, कुंड्या शेजारच्या काकू घेऊन जातात. गाडीपाशी मात्र भलेभले अडकतात. स्वतःच्या पगारातून हप्ते भरून घेतलेली पहिली मोठी वस्तू असते ती. मग डोक्यात किडा वळवळतो, कंटेनरमधे टाकून बरोबरच नेली तर?

सध्या मीही त्याच रांगेत आहे, म्हणून गेले काही वीकएंड यातच घालवले. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: नेऊ नका. पण हा प्रश्नाचा सोपा अर्धा भाग झाला. अवघड भाग पुढे आहे.

आधी नियम बघू. अमेरिकेत जाणार असाल तर विषय तिथेच संपतो. तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी कायमची न्यायची तर ती किमान २५ वर्षं जुनी हवी. कॅनडात हीच अट १५ वर्षांची. म्हणजे तुमची २०१९ ची स्विफ्ट अमेरिकेत २०४४ साली जाऊ शकेल. तोवर ग्रीन कार्डचा नंबर लागेल की नाही, हा वेगळा प्रश्न :-)

डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत आशा वाटते, कारण आपलं स्टिअरिंग तिथे योग्य बाजूला असतं. ब्रिटनमधे कायमचे राहायला जाणाऱ्याला गाडीवरचा कर माफ होऊ शकतो, पण गाडी आधी सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी, आणि तिथे गेल्यावर वर्षभर विकता येत नाही. शिवाय दहा वर्षांच्या आतली गाडी असेल तर ती तिथल्या मानकांत बसते हे सिद्ध करावं लागतं. सिंगापूरमधे तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी नेताच येत नाही. आणि नेली तरी रस्त्यावर आणायला जो परवाना लागतो, तो लिलावात घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मधे छोट्या गाड्यांच्या परवान्याचा भावसुद्धा एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता!

मी चाललोय ऑस्ट्रेलियाला. तिथे गाडी जहाजावर चढण्याआधी आयातीची मंजुरी हातात लागते. गाडीच्या कुठल्याही भागात अॅस्बेस्टॉस चालत नाही, तिथे त्यावर २००३ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. आणि खालून-वरून गाडी इतकी स्वच्छ हवी की मातीचा कण किंवा गवताचं बी दिसता कामा नये. धानाच्या बांध्यांतून फिरलेल्या गाडीचा चिखल काढता काढता माझा व्हिसा संपेल.

आता हिशोब. कंटेनरचं भाडं गाडीची किंमत बघून ठरत नाही. मर्सिडीज असो की अल्टो, जागा साधारण तेवढीच. त्यामुळे गाडी जितकी साधी, तितका हा व्यवहार जास्त वेडेपणाचा. कंपनी रिलोकेशनचे पैसे देत असेल तरी ते घराच्या डिपॉझिटला वापरा.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या गाड्या परदेशी जातातच. मारुतीने १९८७ साली ५०० गाड्या हंगेरीला पाठवल्या होत्या. आज गुरुग्रामला बनलेली पाच दारांची जिम्नी थेट जपानमधे विकली जाते. मग आपलीच का अडते? कारण कंपनी एका मॉडेलचं सर्टिफिकेशन एकदा करते आणि तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो. तुम्ही तोच खर्च एका गाडीवर करणार. एका युजरसाठी अख्खं प्रॉडक्ट सर्टिफाय करण्यासारखं आहे हे.

तर नेणं बाद. आता अवघड भाग.

माझं घर गोरेगावला. (नाही हो, ईस्ट की वेस्ट असं नसतं आमच्याकडे. गोंदिया जिल्ह्यातलं, तालुक्याचं गोरेगाव.) तिथे आई-बाबा दोघंच असतात. साधं दुखणं असेल तर गोंदिया जवळ आहे, तिथे २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. मोठं काही निघालं की मात्र नागपूर. म्हणजे कोहमाऱ्याला येऊन ५३ नंबरचा हायवे धरायचा आणि साकोली, भंडारा करत जायचं. बाबा स्कूटर चालवतात, कार नाही. तरी त्यांचं म्हणणं एकच, "राहू दे ना अंगणात. तू येशीन तवा चालवशीन."

परदेशी गेलेल्यांच्या किती घरांसमोर अशी गाडी उभी असते, आठवून बघा. वर ताडपत्री, चाकांत हवा नाही, बॅटरी मेलेली, आणि धान घरात आलं की उंदीर वायरिंगमधे. ती गाडी वाहन राहिलेलीच नसते. "पोरगा परत येणार आहे" असा तो बोर्ड असतो. आई-बाबांना तो बोर्ड हवा असतो आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही. त्यामुळे कोणालाच काही स्पष्ट बोलावं लागत नाही.

मला हे पटत नाही. रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर अंगणातली बंद गाडी काय कामाची? त्या वेळी १०८ ला फोन लागतो, किंवा गल्लीत गाडी चालवता येणारा आणि चालू गाडी असलेला माणूस लागतो.

"मग चुलत भावाला दे वापरायला, नावावर तुझ्याच राहू दे," हा दुसरा लोकप्रिय सल्ला. हा तर पहिल्यापेक्षा धोक्याचा. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मधे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. त्या प्रकरणात तर गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. तुम्ही मेलबर्नला, गाडी कोहमाऱ्याच्या फाट्यावर आणि इन्शुरन्स रिन्यू करायचा राहिलेला... कल्पना करा.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्याच नावावर आरसी. फॉर्म २९ आणि ३० भरा आणि इन्शुरन्स चौदा दिवसांत त्याच्या नावावर करायला सांगा. फास्टॅग बंद करा. विमानात बसण्याआधी नवीन आरसी डोळ्यांनी बघा.

आणि किंमत घ्या. चुलत भावाला गाडी फुकट देऊन "आई-बाबांना नागपूरला नेशील ना?" म्हटलं, की तो भाऊ राहत नाही, बिनपगारी ड्रायव्हर होतो. पहिल्यांदा "आज जमत नाही" म्हणाला की दोन्ही घरांत अबोला. त्यापेक्षा बाजारभावाने विका आणि ते पैसे आई-बाबांच्या खात्यात वेगळे ठेवा, भाड्याच्या गाडीला, ड्रायव्हरला, पेट्रोलला. भाऊ आपणहून आला तर उत्तमच, पण त्याच्या येण्यावर सगळं अवलंबून नको.

बाबांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांच्या दृष्टीने मी गाडी विकत नाहीये, परतीचं तिकीट फाडतोय. त्यांच्याशी यावर बोलणं हे आरटीओच्या कुठल्याही फॉर्मपेक्षा अवघड आहे, पण ते जाण्याआधी, समोरासमोर बसूनच करायला हवं. मी परत येईन की नाही ते मला आज सांगता येत नाही. अंगणातल्या गाडीने ते त्यांना सांगत राहावं, हे मात्र बरं नाही.