आधी सीमेपार, मग चौकशी!

मुर्शिदाबादचा एक गवंडी मीरा रोडला पोटासाठी राबत होता. जून २०२५ मध्ये पोलिसांनी त्याला उचलले. बंगाली बोलतो, तेव्हा बांगलादेशीच असणार, हा संशय! घरच्यांनी मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीच्या सहीशिक्क्याची वंशावळ असे होते नव्हते ते कागद धाडले. ते वाचायची सवड कुणाला? काही दिवसांतच त्याला सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करून पलीकडे ढकलण्यात आले. मग बोंबाबोंब झाली आणि त्याच्यासह आणखी काही जणांना परत आणण्याची नामुष्की ओढवली. माणूस भारतीयच निघाला! याला कायद्याचे राज्य म्हणायचे तर बेबंदशाही कशाला म्हणायचे, हे सरकारने एकदा सांगून टाकावे.

‘कागद बनावट असतात’ हे उत्तर खिशात तयारच असते. असतात की! नुसते आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र बाळगून कोणी नागरिक होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका आरोपीचा जामीन नाकारताना बजावले. त्यावर टाळ्या पिटणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्या आरोपीचा वकील उभा राहिला, त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि नकाराची कारणे लिहून दिली गेली. आमचे मागणे याहून तसूभरही जास्त नाही. कार्डाने कोणी नागरिक होत नसेल, तर फौजदाराच्या अंदाजाने कोणी परदेशी कसा होतो?

घटनाकारांनी शब्द तोलून वापरले आहेत. भाषणाचे, संचाराचे, देशात कुठेही वस्ती करण्याचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ ‘नागरिकां’पुरता आहे. कायद्यापुढील समानता सांगणारा १४ आणि जीविताची हमी देणारा २१ मात्र ‘व्यक्ती’शी बोलतात. परक्याला इथे ठाण मांडायचा हक्क नाही, त्याला घालवून देण्याचा अधिकार सरकारला आहे. सर्वोच्च न्यायालय हे १९५५ पासून सांगत आले आहे आणि आम्हीही नाकारत नाही. पण हावड्याच्या रेल्वे यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर बलात्कार झाला, तेव्हा याच न्यायालयाने २००० साली अनुच्छेद २१ च्या आधारे रेल्वेला दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. २०२१ मध्ये रोहिंग्यांना दिलासा नाकारतानाही, ठरलेल्या रीतीशिवाय कुणाला परत पाठवायचे नाही, अशी अट घातली. घालवा, पण रीतीने घालवा!

रीत मोडली की काय होते, ते आसामात जाऊन पाहा. आपण परदेशी नाही, हे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचे, ही इंग्रजांच्या १९४६ च्या कायद्यातली तरतूद. इंग्रज गेले, ती राहिली. २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती जपून ठेवली. नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांमधल्या किरकोळ फरकांवर तिथे एका माणसाला परदेशी ठरवले गेले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. हाताशी काही आधार असल्याशिवाय कुणाचेही दार ठोठावून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ म्हणता येत नाही, असे ठणकावले. माणूस भारतीय ठरला. फक्त तो अडीच वर्षांपूर्वीच वारला होता.

आणि महाराष्ट्राने तरी या प्रकारावर टाळ्या पिटू नयेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड आमचीच माणसे हजेऱ्या देत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कलंक पुसला गेला. (आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, १९ लाखांवर माणसे वगळली गेली, तीही ३१ ऑगस्टलाच, २०१९ साली. पंचांगालाही विनोदबुद्धी असते!) आजही पालावर जन्मलेल्या पारध्याच्या पोराकडे जन्माचा दाखला नसतो. आज बंगाली बोलणाऱ्याला ढकलले. उद्या हा पोरगा परराज्यातल्या ठाण्यात उभा राहिला, तर तो कोणती वंशावळ दाखवणार? सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणून खांदे उडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी जन्मदाखला, शाळेचा दाखला, सातबारा, सगळे फायलीत लावलेले असते. जळते ते नेहमी दुसऱ्याचे.

सरकारने मीरा रोडच्या त्या एकाच प्रकरणाचे दप्तर लोकांपुढे मांडावे. त्या गवंड्याला परदेशी ठरवणारा लेखी हुकूम आहे काय? असल्यास त्यावर तारीख कोणती आणि सही कुणाची?