पिंजऱ्याबाहेरचा राघू

लंडनमधील रिचमंड आणि क्यू येथील उद्यानांत भर हिवाळ्यातही हिरव्या पोपटांचे थवे कलकलाट करीत फिरतात. हा पक्षी म्हणजे आपल्या परिचयाचा राघूच होय. १९६९ पासून इंग्लंडमध्ये त्याची मुक्त वीण होत आली आहे. जिमी हेंड्रिक्स या गायकाने सोडलेल्या जोडीपासून हा विस्तार झाला, अशी तेथे आख्यायिका आहे. तिला आधार नसल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. निरनिराळ्या ठिकाणांहून पाळीव पोपट वेळोवेळी निसटले किंवा सोडून दिले गेले, हेच वास्तव आहे. आख्यायिकेत अपराधी एकच असतो. वास्तवात तो असंख्य घरांत विखुरलेला असतो.

हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. राघू झाडांच्या ढोलीत घरटे करतो आणि ढोली मोजक्याच असतात. स्पेनमधील सेव्हिल शहराच्या एका उद्यानात राघूंनी मोठ्या वटवाघळांना ढोलींतून हुसकावून लावले, प्रसंगी ठारही केले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. स्थानिक जीवांचे रक्षण करू पाहणाऱ्यांची चिंता म्हणूनच रास्त ठरते. परंतु पक्षी हजारोंनी वाढल्यावर बंदूक उचलणे हा उशिरा सुचलेला आणि क्रूर उपाय होय. युरोपीय संघाने रानपक्ष्यांची आयात २००५ मध्ये रोखली आणि २००७ मध्ये ती कायमची बंद केली. त्यामागील तात्कालिक कारण होते बर्ड फ्लूची धास्ती! हेच पाऊल आधी पडते, तर पुढचा पेच बराच सौम्य झाला असता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. तरीही राघूचे पिंजरे घरांतून दिसतात. दुसरीकडे, विदेशी पोपट पाळण्याची हौस आपल्या शहरांत वाढत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनेक विदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद केली आणि उपद्रवी ठरू शकणाऱ्या परकीय जातींच्या आयातीवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. या तरतुदी कागदावर राहिल्या, तर लंडनचा अनुभव येथे उलट्या दिशेने येऊ शकेल. कंटाळा आला म्हणून परदेशी पक्षी आकाशात सोडून देणे ही भूतदया नव्हे. ती आपली जबाबदारी निसर्गावर ढकलणे आहे. राघूला परके म्हणून दोष देण्यापूर्वी त्याला विकत घेणाऱ्या हाताला आवर घातला पाहिजे.