दोन पुरेत!

या महिन्यात पिण्याच्या सवयींवर लिहिणार आहोत, असे आम्ही घरी जाहीर केले तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, ''अहो, घरोघरी वाचले जाणारे मासिक आहे. जरा जपून!'' म्हणून आधीच सांगून टाकतो. आमचे पिणे म्हणजे चहा. तोही गेल्या ईदपासून बिनसाखरेचा. शिरखुर्म्याची तिसरी वाटी आम्हाला भोवली. चार दिवसांनी रक्त तपासले, डॉक्टरांनी कागदाकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि विचारले, ''सर, वय?''

''सेहेचाळीस.''

''मग आता दिवसाला दोन कप. दोन पुरेत.''

'दोन पुरेत' हे शब्द ऐकले आणि आम्हाला एकदम लहानपणीची भिंत आठवली. गावातल्या आरोग्य केंद्राच्या त्या भिंतीवर लाल त्रिकोण होता आणि शेजारी चार हसरे चेहरे : आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. आम्ही सहा भावंडे रोज सकाळी त्या भिंतीसमोरून ओळीने मदरशात जायचो. धाकट्या बहिणीला एकदा प्रश्न पडला, ''या घरातली बाकीची चार मुलं कुठं गेली?'' अब्बांनी चप्पल घालता घालता सांगितले, ''ती आपल्या घरी आलीत.''

त्या काळी आमच्या घरात कप चार आणि त्यातल्या दोघांचे कान तुटलेले. मुलांना कप मिळतच नसे. मुलांनी चहा प्यायला तर मुले काळी होतात, असे दादीचे ठाम मत होते, आणि ती स्वतः दिवसातून सहा वेळा पिऊनही गोरीपान होती. त्यामुळे आम्हाला बशीत दोन घोट, बाकी दूध. दहावीत गेल्यावर पहिला अख्खा कप मिळाला तेव्हा आम्ही मोठे झालो. बी.एड.च्या वर्षी तर कटिंगवरच जगलो. नोकरी लागल्यावर शिक्षकांच्या खोलीत दिवसाचे सात-आठ कप कसे होत, ते त्या चहावाल्यालाच ठाऊक. माणसाचे चहाचे आयुष्य असे बशीपासून चढत चढत किटलीपर्यंत जाते आणि मग कोणी तरी पांढरा कोट घालून समोर बसतो व म्हणतो, दोन पुरेत.

सरकारचेही तसेच आहे. फरक इतकाच की आमच्या डॉक्टरांनी अजून आकडा बदललेला नाही.

आणीबाणीच्या दिवसांत शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायला सांगत. आमच्याच शाळेतले एक निवृत्त मास्तर सांगायचे, त्या वर्षी मास्तर गल्लीत दिसला की बापे माणसे मागच्या दाराने पसार होत, आणि अभ्यास न केलेली पोरेही त्यांच्या मागोमाग. हसून सांगायचे, पण हसण्यासारखे ते फारसे नव्हते. 1976 साली तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून कायदा झाला नाही. पुढे सक्ती गेली, अटी आल्या. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले असेल तर आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभे राहता येत नाही. 2005 च्या नियमांनी सरकारी नोकरीच्या अर्जाला लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागू लागले. मागच्या वर्षी आमचा भाचा असा अर्ज भरायला आमच्याकडे बसला होता. वय 23, लग्न नाही, मुलगी पाहिलेली नाही. प्रतिज्ञापत्रात हयात मुलांची संख्या लिहायची होती. त्याने फार विचार करून लिहिले, 'सध्या शून्य'. आम्ही 'सध्या' खोडायला लावले.

आणि आता वारे उलटे फिरले आहे. आंध्र प्रदेशाने 1994 पासूनचा आपला दोन मुलांचा नियम 2024 मध्ये काढून टाकला. तिथले मुख्यमंत्री आता लोकांना जास्त मुले होऊ द्या म्हणत आहेत. सिंगापूर तर आपल्याही पुढचे. सत्तरच्या दशकात तिथे 'दोनवर थांबा' होते, 1987 मध्ये 'परवडत असेल तर तीन किंवा जास्त' झाले. म्हणजे ज्या बाईने पहिली पाटी पाहून पाळणा थांबवला, तिच्याच मुलीला दुसरी पाटी वाचायला मिळाली. हंगेरीत चार मुलांच्या आईला जन्मभर प्राप्तिकर माफ आहे. हे वाचून आम्ही अम्मीला फोन केला की तू हंगेरीत असतीस तर कर भरावा लागला नसता. अम्मी म्हणाली, ''कर भरायला आधी पगार लागतो ना रे?'' चीनने एका मुलाची सक्ती पस्तीसेक वर्षे केली आणि आता तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3600 युआन द्यायला सुरुवात केली आहे. मुले काही वाढत नाहीत म्हणतात. माणसाला थांबवणे एक वेळ जमते, पुन्हा चालू करणे जमत नाही. आमच्या स्कूटरचा अनुभवही हाच आहे.

तुमच्यात काय, मुले भरपूर असतात, हे वाक्य एस.टी.त, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता नुसती मान हलवतो. खरे तर आकडे सरकारच्याच पाहणीत आहेत. 1992-93 मध्ये देशात मुस्लिम बाईमागे सरासरी 4.4 मुले होती, 2019-21 मध्ये 2.36. आणि साऱ्या महाराष्ट्राची सरासरी तर 1.7 वर आली आहे. पण आम्हाला आकड्यांची गरजच नाही. आम्ही उर्दू शाळेचे मास्तर आहोत.

दर वर्षी मे महिन्यात आम्ही वही घेऊन घरोघर फिरतो. पूर्वीचे मास्तर फिरत ते मुले कमी करा म्हणून, आम्ही फिरतो ते मुले द्या म्हणून! पट कमी झाला की संचमान्यतेत एक पद जाते आणि आमच्यापैकी कोणी तरी 'अतिरिक्त' ठरतो. या मे महिन्यात आम्ही दोघा शिक्षकांनी एकतीस घरे पालथी घातली. बहुतेक घरांत आजी, आजोबा आणि एक बंद खोली. एका घरी म्हातारीने प्रेमाने बसवले, चहा दिला. नातू आहे का म्हणून विचारले तर भिंतीवरचा फोटो दाखवला. ''आहे की! दोहाला इंग्रजी शाळेत. माशाअल्लाह, हुशार आहे.'' आम्ही वहीत काही लिहिले नाही. एकतीस घरांत मिळून पहिलीची मुले चार. चहा मात्र एकोणीस ठिकाणी. डॉक्टरांना हे सांगू नका.

अम्मीचेही तेच. सहा मुलांपैकी एक कुवेतला, एक कतारला, एक मुंब्र्याला, दोघी सासरी, आणि आम्ही चाळीस किलोमीटरवर. अम्मी गावी एकटी, कारण तिला ते घर सोडवत नाही. वय वाढले की तहान कमी लागते, असे डॉक्टर सांगतात, म्हणून आम्ही भावंडांनी पाळ्या लावल्या आहेत. सकाळी कुवेतहून फोन : ''अम्मी, पाणी प्यायलीस?'' दुपारी मुंब्र्याहून : ''अम्मी, पाणी?'' एकदा ती वैतागून म्हणाली, ''सहा जणांना मी पाणी पाजलं, कधी फोन केला होता?''

पण चहाची गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. एका रविवारी आम्ही न कळवता गेलो तेव्हा समजले की तिने सकाळचा चहाच सोडला आहे. ''एका कपासाठी पातेलं काय चढवायचं?'' जिने आठ माणसांचा चहा रोज दोनदा उकळला, तिला एका कपाचे माप जमत नव्हते. पाणी एक तर जास्त पडे, नाही तर करपे. मग तिनेच तोड काढली. शेजारच्या खालाही एकट्याच असतात, त्यांची मुले मस्कतला. आता सकाळी एक दिवस चहा इकडे, एक दिवस तिकडे. ''दोघींचा असला की बरोबर होतो,'' अम्मी म्हणाली.

परवाच्या रविवारी आम्ही बेगम आणि दोन्ही मुलांसह गेलो. आमची दोनच आहेत, भिंतीवरच्या चित्राप्रमाणे. अम्मीने फळीवरून ते जुने मोठे पातेले काढले, खालांना हाक मारली आणि आम्ही ''बिनसाखरेचा'' म्हणेपर्यंत साखर पडून गेली होती. मुलांना तिने बशीत ओतून दिला, आणि काळे व्हाल म्हणून दटावलेही. पातेल्यात उरलेला चहा कोणाला द्यायचा म्हणून ती एकेकाकडे बघत होती. आम्ही कप पुढे केला.

तिसरा होता. बेगमनी पाहिला, पण त्या दिवशी मोजला नाही.