नांवें ठेवण्यापूर्वी

मराठींत अद्भुतकथेला पुन्हा बहर येऊं लागला आहे, आणि ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. ज्या भाषेंत मुलांना व थोरांना दुसऱ्या जगाचें स्वप्न पडत नाहीं, ती भाषा हळूहळू बाजारहाटापुरती उरते. परंतु ह्या नव्या पुस्तकांच्या आरंभीं जो नकाशा छापलेला असतो, त्यांतील नांवें वाचूं लागलें कीं आमचा उत्साह मावळतो. एक राज्य झारोनिया, दुसरें एल्मेरिया, मधून वाहणारी नदी थायरा. आणि कोणास हें परकें वाटलेंच, तर त्यावर उतारा म्हणून सुवर्णप्रभानगरी व महातेजोगड! हे नमुने आम्ही कोणाच्या पुस्तकांतून उचललेले नाहींत. धाटणी कळावी म्हणून येथेंच रचले आहेत. पण वाचकांना ती ओळखीची वाटेल. पहिल्या जातीचीं नांवें कोणत्याच भाषेंतलीं नाहींत. दुसऱ्या जातीचीं भाषेंतलीं आहेत, पण कोणाच्याच तोंडचीं नाहींत.

ह्यावर लेखकांचें उत्तर ठरलेलें असतें. जग जर आमचें, तर नांवेंहि आमचींच. कल्पनेच्या राज्यांत तलाठ्याची नोंद कशाला हवी? आमचें म्हणणें असें कीं, तलाठ्याची नोंद नको असली तरी तोंडाची साक्ष हवी. नांव हें ठेवणाऱ्याचें नसतें, उच्चारणाऱ्यांचें असतें. शेंकडों वर्षें शेंकडों तोंडांतून गेल्यावर जें उरतें तें नांव. म्हणून ज्याला कल्पित मुलूख वसवायचा आहे, त्यानें आधीं एखादा खरा मुलूख कानानें तपासावा. त्यासाठीं काशी-रामेश्वर नको. एकटा धाराशिव जिल्हा पुरे आहे.

प्रथम तेर पाहा. आज तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नांवाचें फार मोठें शहर सांगितलें आहे, आणि तेथील कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असे असेंहि त्यांत नमूद आहे. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट ह्यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. मधला 'ग' प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडांत विरला, उरलेले स्वर एकमेकांत मिसळले, आणि तीन अक्षरांच्या नगराचें दोन अक्षरांचें गांव झालें. गंमत पुढेंच आहे. कोंकणांत आणि कोल्हापुरांत राज्य करणारे शिलाहार राजे, तेरपासून कित्येक कोस दूर असतांहि, आपणांस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. राज्य एकीकडे, गांवाचा अभिमान दुसरीकडे. बोलण्यांत तेर, ताम्रपटांत तगर! आमच्या नव्या कल्पित राज्यांत एका नगराला असें झिजलेलें एक व मिरविण्याचें एक अशीं दोन नांवें कधीं आढळतात काय? तेथें प्रत्येक नांव कालच टांकसाळींतून पडल्यासारखें कोरें असतें.

आतां जिल्ह्यांत फिरावें. कळंब म्हणजे कदंबाचें झाड. त्याच तालुक्यांतलें मोहा हें गांव मोहाच्या झाडाचें. आणि तुळजापुराला पूर्वीं चिंचपूर म्हणत, असें सांगतात. माणसानें जागेला दिलेलें पहिलें नांव बहुधा सावलीचें असतें. दक्षिणेला उमरगा तालुक्याकडे वळलें कीं आळूर, येणेगूर, नाईचाकूर अशीं नांवें लागतात. 'ऊर' हा गांव ह्या अर्थाचा कानडी शब्द. नळदुर्गाजवळ खंडोबाचें जें ठाणें आहे तें मैलारपूर, आणि मैलार हें त्याच देवाचें कानडी मुलखांतलें नांव. देव वर्षांतला बराच काळ अणदुरास राहतो व कांहीं दिवस मैलारपुरास येतो. दोन्हीं गांवांना तो आपलाच वाटतो. कसबे तडवळे घ्या. त्यांतला 'कसबा' अरबी, महसुलाच्या दप्तरांतून आलेला. गांवोगांवच्या जोडनांवांतले बुद्रुक व खुर्द हे फारसीचे 'बुजुर्ग' आणि 'खुर्द', म्हणजे थोरलें व धाकटें. कारकून फारसी, गांवकरी मराठी, शेजारी कानडी: एवढा इतिहास एका एसटीच्या पाटीवर मावतो. कल्पित नकाशावर मात्र उत्तरेच्या बर्फापासून दक्षिणेच्या वाळवंटापर्यंत एकाच माणसानें एकाच दुपारीं नांवें ठेवलेलीं दिसतात, आणि तसें झालेलेंहि असतें!

ह्याहून मोठी उणीव आम्हांस दुसरी वाटते. नांवाचा मूळ अर्थ लोक विसरतात, पण अर्थावांचून त्यांना राहवत नाहीं; मग ते कथा रचतात. धाराशिव कां? तर धारासुर नांवाचा दैत्य होता, त्याला देवीनें मारलें. धारासुरमर्दिनीचें देऊळ शहरांत आहेच. तुळजा कां? तर भक्ताच्या हांकेसरशी त्वरेनें धांवून येणारी ती त्वरिता. तुकाई कां? तर रामानें घाटशिळेवरील देवीला 'तू का आई?' असें विचारलें म्हणून. नळदुर्ग अर्थातच नळराजाचा. व्युत्पत्तिशास्त्र ह्यांतील किती मान्य करील हा प्रश्न निराळा. पण गांव लोकांचें होतें तें ह्याच मार्गानें. कल्पित जगांत एखाद्या नांवाचा चुकीचा अर्थ ठासून सांगणारा म्हातारा आम्हांस अजून भेटलेला नाहीं. तेथें अर्थ फक्त लेखकाला ठाऊक असतो, आणि तो परिशिष्टांत दिलेला असतो.

आणि हुकुमानें दिलेलीं नांवें? तींहि असतातच. १९११ सालीं गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान ह्या सातव्या निजामाच्या नांवानें धाराशिव उस्मानाबाद झालें. २०२३ सालीं सरकारी दप्तरांत तें पुन्हा धाराशिव झालें. कोणतें नांव असावें ह्या वादांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. लेखकानें शिकावें असें त्यांत काय आहे तेवढेंच पाहावयाचें. दप्तर उस्मानाबाद म्हणत होतें त्या काळांतहि डोंगरांतील लेणीं धाराशिवचींच राहिलीं होतीं. आणि आज दप्तर धाराशिव म्हणूं लागल्यावर, ह्या मुलखांतली काळी, काटक शेळी देशभर 'उस्मानाबादी' म्हणूनच ओळखली जाते. राजाज्ञा शहराच्या वेशीवर पाटी लावूं शकते. लेण्याला आणि शेळीला ती पोंचतेच असें नाहीं. ज्या कल्पित साम्राज्यांत नवा सम्राट राजधानीचें नांव बदलतो आणि दुसऱ्या दिवशीं सर्व प्रजा निमूटपणें नवें नांव उच्चारते, तें साम्राज्य कागदाचें आहे हें मुलांनाहि कळतें.

ह्यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, आमच्या आज्या 'आटपाट नगर' एवढ्यावर भागवीत होत्या, त्यांना कोठें इतिहास लागला? खरें आहे. परंतु आटपाट नगराला नकाशा नव्हता. तें नगर सर्वांचें आणि कोठलेंच नसावें हाच त्या नांवाचा गुण. ज्यानें नद्या, घाट, सात राज्यें व त्यांच्या सरहद्दी आंखल्या, त्यानें भूगोलाशीं करार केला; आतां त्याला आजीची सवलत मागतां येणार नाहीं.

दुसरा आक्षेप टॉल्किन ह्यांच्या दाखल्याचा. त्यांच्या नांवांची परकी मोहिनी सर्वांस भुलविते. परंतु ते जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनीं आधीं भाषा रचल्या आणि त्या बोलल्या जाव्या म्हणून जग उभें केलें. इतकेंच नव्हे, तर आपल्या कादंबरीच्या अनुवादकांसाठीं त्यांनीं नांवांचें एक टिपण करून ठेवलें होतें, तें त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ सालीं छापलें गेलें. त्यांत त्यांचा आग्रह असा कीं, जीं नांवें इंग्रज वाचकाला अर्थानें कळतात, तीं दुसऱ्या भाषेच्या वाचकाला त्याच्या भाषेंत कळावींत. म्हणजे गुरु सांगतो घरची भाषा ऐका, आणि शिष्य उचलतात तो गुरूच्या खोकल्याचा आवाज!

हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. सुशिक्षित घरांतल्या मुलाला वारंवार असें दिसलें कीं चमत्कार घडतात ते झारोनियांत, आणि येणेगुरास फक्त बस थांबते, तर तें काय शिकेल? आपली भाषा वाणसामानाच्या यादीची, स्वप्नाची भाषा दुसरी, हेंच. वास्तविक ह्याच मुलखांत अद्भुत नांदलेलें आहे. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' ह्या अपभ्रंश काव्यांत राजा करकंड तेरापुरास येतो आणि तेथील डोंगरांतील लेणीं पाहतो. हें काव्य हिरालाल जैन ह्यांनीं १९३४ सालीं संपादून छापलें. विद्याधरांच्या त्या कथेंत तेरचें नांव घातल्यानें अद्भुताला कोठें कमीपणा आला?

सोमदेवाच्या कथासरित्सागरांत कनकपुरी नांवाची एक अद्भुत नगरी आहे. ती ज्यानें पाहिली असेल त्यालाच वरीन, असा राजकन्या कनकरेखेचा पण होता. शक्तिदेव नांवाचा एक जुगारी आला व आपण ती पाहिली आहे असें खुशाल ठोकून देऊन वाटेचें वर्णन करूं लागला. राजकन्या हंसली, तिनें त्याला हांकलून दिलें. तिला तें नगर खरोखरच ठाऊक होतें, म्हणून लबाडी तत्काळ उघडी पडली. आमचे वाचक त्या कनकरेखेपेक्षां कमी चाणाक्ष नाहींत. कोणतेंहि खरें गांव ज्याच्या कानांत आहे त्याला खोटें गांव ओळखूं येतें. मात्र त्या जुगाऱ्याच्या अंगीं एक गुण होता. फजीत झाल्यावर तो रुसून बसला नाहीं, नगरीच्या शोधांत खरोखरच निघाला. आमच्या अद्भुतकथाकारांनींहि निघावें. कळंबहून उमरग्यापर्यंत एसटीच्या खिडकीशीं बसून पाट्या वाचीत जावें, वाटेंत तेरला उतरावें, चार म्हाताऱ्यांना गांवाच्या नांवाचा अर्थ विचारावा, आणि चौघांचीं चार उत्तरें लिहून घ्यावींत. नकाशा त्यानंतर काढावा.